ओटीपी कुणाच्या खिशात वाजतो?

 

मला विषय दिलाय तो असा, की येत्या चार-पाच वर्षांत मोबाइलचं काय होईल, घरात कोणती नवी यंत्रं येतील आणि गटांनी कशाची तयारी ठेवावी. मी काही इंजिनिअर नाही. बी. ए. झालेली बाई आहे. गटांच्या वह्या तपासते, बँकेच्या चकरा मारते. पण मी राहते गुलमंडीत, आणि गुलमंडीत राहणाऱ्याला नव्या वस्तू शोधायला जावं लागत नाही. सुपारी हनुमानापासून टिळकपथाने पैठण गेटकडे निघा. आधी कपड्यांची, भांड्यांची दुकानं लागतात आणि पैठण गेट जवळ आलं की मोबाइलच्या दुकानांची रांग. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी आधी साड्या घेतात आणि मग नवरदेवाच्या मोबाइलसाठी तिकडे वळतात. आठवड्यातले चार दिवस मी फुलंब्री, खुलताबाद, पैठण या बाजूच्या गावांत बैठकांना असते. म्हणजे वस्तू विकताना मी इथे पाहते, आणि घरात गेल्यावर ती कुणाच्या हातात पडते ते तिथे पाहते. तेवढ्या अनुभवावर बोलतेय.

कोणती कंपनी चालेल, कोणती बुडेल, हे मात्र मला विचारू नका. पैठण रोडवरचं चितेगाव तुम्हाला माहीत आहे. तिथल्या व्हिडिओकॉनच्या कारखान्यावर आपल्या भागातली कितीतरी घरं चालायची. आपल्याकडे टीव्ही म्हणजे व्हिडिओकॉन, असा तो काळ होता. ही कंपनी बसेल असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. टीव्ही पाहणं काही थांबलं नाही, उलट तो टीव्ही लहान होऊन प्रत्येकाच्या खिशात गेला. तेव्हा कंपनीचं भविष्य सांगणं ज्योतिषाकडे सोडू. मी बघते ते वेगळं. नवीन वस्तू घरात येते तेव्हा ती कुणाच्या नावावर येते?

बोलणाऱ्या डबीपासून सुरुवात करते. २०१६ साली यूपीआय सुरू झालं, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटबंदी झाली, आणि गुलमंडीत दुकानोदुकानी स्कॅनरचे कागद चिकटले. आपल्या बाया मात्र बरीच वर्षं रोखच मागत होत्या. कारण सरळ होतं. गिऱ्हाईक मोबाइल दाखवून म्हणणार, "मावशी, बघा, गेले पैसे." मावशीला वाचता येत नसेल तर ती काय बघणार? मग ती छोटी डबी आली, साउंडबॉक्स. "पन्नास रुपये प्राप्त झाले" असं ती मराठीत मोठ्याने बोलते. शेजारच्या टोपलीवालीलाही ऐकू जातं. गजरे विकणाऱ्या एका मावशीला मी विचारलं, आता कसा विश्वास बसला? ती म्हणाली, "मला वाचता नाही येत, पण बहिरी थोडीच हाय!" डबीचं महिन्याचं भाडं असतं, ते घेण्याआधी विचारून घ्या, एवढंच.

त्यावरून माझा पहिला अंदाज असा, की पुढची यंत्रं लिहिण्या-वाचण्याची राहणार नाहीत, बोलण्या-ऐकण्याची होतील. हे सुरूही झालंय. आमच्या गटातल्या तरुण सुना मोबाइलवर टाइप करतच नाहीत. माइकचं चिन्ह दाबून मराठीत विचारतात, मोबाइल मराठीत उत्तर देतो. राज्याच्या कृषी विभागाच्या महाविस्तार ॲपवर मराठीत प्रश्न विचारता येतो. शाळा सुटलेल्या आपल्या बायांसाठी ही मोठी गोष्ट आहे. आजवर प्रत्येक नवी वस्तू "शिकलेल्यांसाठी" म्हणून यायची. ही पहिलीच, जिला आपलं बोलणं पुरतं.

पण बोलता आलं म्हणजे सगळं झालं असं नाही. आता मी मुद्द्यावर येते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितली. आधी १८ नोव्हेंबरची मुदत होती, ती ३१ डिसेंबर झाली. करायचं काय होतं? आपला आधार नंबर टाकायचा, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो भरायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर, त्यांच्या मोबाइलवर दुसरा ओटीपी. शहरातल्या पोरीला हे पाच मिनिटांचं काम. आम्ही मात्र दोन-अडीच महिने गावोगावी पारावर, अंगणवाडीत, देवळात बसून होतो. साइट बंद पडायची ते वेगळंच. खरी अडचण साइटची नव्हतीच, ती "आधारला कोणता नंबर आहे?" या प्रश्नापाशी होती.

एकीचं आधार लग्नाआधी माहेरी निघालेलं, नंबर भावाचा. भाऊ पुण्याला, आणि दोघांचं बोलणं बंद. एकीचा नंबर कॅम्पात रांगेत पुढे उभ्या असलेल्या जावेचा, कारण त्या दिवशी घरात तेवढाच मोबाइल होता. एकीचं सिम कधीच फेकून दिलेलं. एका मावशीने खणखणीत आवाजात सांगितलं, "माझा नंबर म्हणजे पोराचाच की!" पोरगा वाळूजला कंपनीत. कामाच्या जागी मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. ओटीपी दहा मिनिटं टिकतो आणि पोराची सुट्टी संध्याकाळी. मावशी रोज खुरपणीचा रोज बुडवून यायची, आम्ही ओटीपी पाठवायचो, तो वाळूजच्या लॉकरमध्ये वाजून विझायचा. शेवटी एका रविवारी पोराला बसवून घेतलं तेव्हा काम झालं. ज्यांना नवरा नाही, वडील नाहीत, त्यांच्यासाठी कागद अंगणवाडी ताईंकडे द्यायची सोय नंतर झाली. तोवर त्या बाया नुसत्या येऊन बसायच्या आणि दुसऱ्यांचे ओटीपी येताना बघायच्या.

२०१० साली देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, आणि तेही एका बाईच्या हातात. इतक्या वर्षांनी आधार बायांच्या पेटीत आहे आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात वाजते.

हे एका योजनेपुरतं राहणार नाही, हा माझा दुसरा अंदाज. किंबहुना अंदाज कसला, होतंच आहे. गॅसची टाकी घ्यायला कोड लागतो. बँकेला लागतो. पीक विमा, दवाखान्याचं कार्ड, पोराची शिष्यवृत्ती, सगळीकडे आधी नंबर विचारतात. आपल्या गटांच्या वह्याही आता लोकओएस ॲपवर चढतायत. उद्या कर्ज मंजूर झालं की निरोप नंबरवर येणार. पुढे ओटीपी जाऊन चेहरा दाखवून काम होईल, काही ठिकाणी ते सुरूही आहे. पण चेहरा आपला असला तरी कॅमेऱ्याचा मोबाइल पुन्हा कुणाचा तरीच.

बैठकीत हे बोलले की दोन प्रकारची उत्तरं येतात. एक दारातून येतं, "बाईला कशाला पाहिजे वेगळा नंबर?" त्याला उत्तर द्यायची मला आता हौस राहिली नाही. दुसरं बायांकडूनच येतं आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. "कशाला कटकट, ते बघतात की सगळं." बघतात, खरंय. पैठणकडच्या एका गटातल्या ताईचेही मालक सगळं बघायचे. चांगला माणूस. अपघातात गेला. मोबाइल त्या अपघातातच हरवला. तिच्या बचत खात्याला नंबर त्याचा, गॅसला त्याचा, आधारला त्याचा. खातं तिच्या नावाचं, पैसे तिचे, पण ॲप उघडायचं तर ओटीपी त्या हरवलेल्या मोबाइलवर. ते सिमही त्याच्याच नावावर, ते परत सुरू करायला मृत्यूचा दाखला लागणार आणि दाखला यायला वेळ. सुतकात बसलेली बाई दहाव्याच्या खर्चासाठी दिराकडे हात पसरत होती आणि तिचे स्वतःचे पैसे बँकेत पडून होते. बँकेत पासबुक घेऊन तिला सोबत नेली तेव्हा पैसे निघाले. घरातल्या माणसावर विश्वास नाही म्हणून वेगळा नंबर घ्या, असं मी म्हणत नाही. माणूस कायमचा नसतो, म्हणून म्हणते.

मग करायचं काय? स्वतःच्या नावावर सिम घ्यायचं. पोराच्या नावावरचं जास्तीचं सिम आपण वापरतो, ते आपलं नसतं. आपल्या नावावर किती सिम आहेत हे सरकारच्या संचार साथी या साइटवर बघता येतं. गावातल्या शिकलेल्या पोरीला सांगा, ती बघून देईल. कधी कधी आपण न घेतलेलं सिमही आपल्या नावावर निघतं, तेही तिथेच कळवता येतं. मग आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घ्यायचा, ७५ रुपये लागतात, पावती घ्यायची. नंतर बँकेत अर्ज देऊन तिथलाही बदलायचा. हे बँकेचं काम बाया हमखास विसरतात आणि सहा महिन्यांनी "ताई, आधारला तर केला होता!" म्हणून येतात.

यासाठी मोठा मोबाइल लागत नाही. बटणाच्या मोबाइलवर ओटीपी येतो. रिचार्जचं मात्र डोक्यात ठेवा. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. बाळंतिणीसारखे दिवस मोजावे लागतात. ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ पासून नुसत्या बोलण्याचे आणि मेसेजचे लांब मुदतीचे पॅक निघालेत. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागावा लागतो. "इंटरनेट नको, फक्त बोलायचा आणि मेसेजचा" असं सांगा. आणि सिम नुसतं डब्यात ठेवू नका. तीन महिने न वापरलेलं सिम बंद होऊ शकतं, आणि बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते.

बटणाच्या मोबाइलवरून पैसेही पाठवता येतात. २०२२ साली त्यासाठी यूपीआय १२३पे आलं, इंटरनेट लागत नाही. आपल्या भागात फार कमी बायांना ते ठाऊक आहे. २०२४ मध्ये आणखी एक आलं, यूपीआय सर्कल. त्यात एकाच्या खात्यातून घरातल्या दुसऱ्या माणसाला ठराविक रकमेपर्यंत खर्च करता येतो, पूर्ण मुभा दिली तर महिन्याला १५,००० पर्यंत. म्हाताऱ्या आईसाठी, कॉलेजच्या पोरीसाठी चांगलं आहे. पण जिचं खातं आहे, कमाई आहे, तिने नवऱ्याच्या सर्कलमध्ये समाधान मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सासूने दिलेल्या किल्ल्यांतून डाळीच्या डब्यापर्यंत जाता येतं, कपाटापर्यंत नाही, तसलाच तो प्रकार.

गटांच्या स्टॉलचंही तेच. दिवाळीत आमच्या एका गटाने पापड, शेवया, चकलीची भाजणी विकायला आणली. विक्री चांगली झाली. स्कॅनर होता अध्यक्षबाईंच्या मुलाचा. मुलगा सरळ आहे, त्याने पै न् पै दिली. तरी हिशेबाला बसल्यावर दहा बाया त्याच्या मोबाइलकडे तोंड करून बसल्या होत्या. बँकेत विचारा, गटाच्या खात्याचा स्कॅनर मिळतो का. नाही मिळाला तर पुन्हा विचारा.

नव्या मोबाइलचं आता थोडक्यात. स्वस्त होतील म्हणून थांबला असाल तर थांबू नका. मोबाइलमध्ये मेमरीची चिप असते, तिची किंमत २०२५ च्या शेवटी झपाट्याने वाढली, कारण एआयची मोठमोठी केंद्रं तीच चिप उचलतायत. म्हणून जुन्या मोबाइलचा बाजार वाढेल, असं मला वाटतं. जुना घेताना बिल मागा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की मोबाइलचा पंधरा आकड्यांचा नंबर दिसतो, तो संचार साथीवर टाकून बघा, चोरीचा असेल तर कळतं. हप्त्यावर घ्यायचा असेल तर कागद वाचून घ्या. हप्ता चुकला की मोबाइल बंद पाडणारं ॲप काही ठिकाणी आत घालून देतात. माझं ऐकाल तर गटाच्या अंतर्गत कर्जातून घ्या, व्याज आपल्याच गटात राहतं. आणि बिल आपल्या नावाचं करा.

आता त्या बोलणाऱ्या यंत्रांची दुसरी बाजू. जे यंत्र मराठी बोलतं ते कुणाच्याही आवाजात बोलू शकतं. पोराचा आवाज थोडा वेळ ऐकवला की यंत्र हुबेहूब तसा काढतं. माझा तिसरा अंदाज, आणि हा खोटा ठरला तर मला आनंदच होईल: आजवर बँकेतून बोलतोय म्हणून फसवायचे, पुढे पोटच्या पोराच्या आवाजात फसवतील. "आई, अपघात झालाय, लगेच पैसे टाक." आईला ओटीपी कळो न कळो, आवाज कळतो, आणि त्यावरच घाला येणार. फोन ठेवायचा आणि पोराच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. नाही लागला तर त्याला असं काही विचारायचं जे घरच्यालाच ठाऊक आहे. मामाच्या बैलाचं नाव विचारा. पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून "डिजिटल अरेस्ट केलंय" म्हणणारे आहेत, तसली अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितक्या लवकर लावाल तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त. यात लाजण्यासारखं काही नाही, मोठमोठे साहेब फसलेत.

इलेक्ट्रिक स्कूटरबद्दलही मला सारखं विचारतात. बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत अशा स्कूटरचा कारखाना जाहीर झालाय, त्यामुळे पोरांना नोकरीची आशा आहे. गुलमंडीच्या बोळांतून त्या स्कूटर चालवताना मला पुरुषांपेक्षा बायाच जास्त दिसतात. घरी चार्ज होते, पेट्रोलसाठी पैसे मागावे लागत नाहीत. गावात लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून मगच घ्या. आरसी बुकावर नाव कुणाचं, हे मी आता परत सांगत नाही.

आमच्या गटांच्या हजेरीच्या वहीत आम्ही गेल्या महिन्यात एक रकाना वाढवला. सहीच्या पुढे मोबाइल नंबर, आणि त्याच्यापुढे "स्वतःचा" की "दुसऱ्याचा". वेरूळच्या बाजूच्या एका गटात पहिल्यांदा भरला. अकरा बाया, चौघींचा नंबर स्वतःचा निघाला. बाकी सात नंबर आम्ही तिथेच बसून एकेक करून लावले. दोन बंद होते. एक नवऱ्याने उचलला आणि "कोण पाहिजे" म्हणून ओरडला, सगळ्या हसल्या. एक उचलला कुणीतरी परभणीच्या दादांनी. ताईने आपलं नाव सांगितल्यावर ते म्हणाले, "अच्छा, तुम्ही का त्या! अहो, वर्षभर तुमच्या बँकेचे मेसेज मला येतायत. परवाच तुमचे पंधराशे जमा झाले बघा."

ती ताई सोमवारी आधार केंद्रावर येणार आहे. आणखी कुणाला यायचं असेल तर सकाळी दहाच्या आत या, नंतर टोकन संपतात.